मुंबईच्या सरकारी चाळी : भाडें, शेजार आणि वारसा

जुन्या पेठांच्या वसाहतीचे कौल आमच्या वाचकांस नवे नाहींत. ओसाड जागेंत नवी पेठ वसवावयाची, तर सरकारांतून कौल द्यावा, कांहीं वर्षें कर माफ अथवा कमी करावा, शेटे-महाजनांस वतन नेमून द्यावें आणि उदमी व कारागीर यांस अभय देऊन बोलवावें, ही रीत सर्वश्रुत आहे. असा एखादा कौलनामा कोणाच्या दप्तरांत सांपडला, तर तो छापून काढण्यास कोणीहि संपादक मागेंपुढें पाहणार नाहीं. परंतु ज्या वसाहतीनें गेल्या शंभर वर्षांत कोंकण व घाट या दोन्हीकडील लक्षावधि लोकांस मुंबईंत निवारा दिला, तिच्या कागदांकडे संग्राहकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. चाळीच्या भाडेपावतीस कोणी ऐतिहासिक साधन म्हणत नाहीं. ती मळकी असते, छापील नमुन्यावर असते आणि तिच्यावर शिक्कामोर्तबाचें वैभव नसतें. तरीहि ती एक प्रकारचा कौलनामाच होय, असें आमचें मत आहे. आणि या चाळी सांप्रत पाडल्या जात असल्यामुळें तें मांडण्यास याहून योग्य समय नाहीं.

प्रस्तुत लेखांत मुंबईंतील सरकारी चाळींचा, विशेषतः वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथील चाळींचा वृत्तांत संक्षेपानें देण्याचें योजिलें आहे. किती घरें बांधलीं हें पाहून निवाऱ्याच्या इतिहासाचा निकाल लागत नाहीं. तें घर कोणास परवडलें, तेथें शेजारीं कोणास बसूं दिलें, आणि तें पुढच्या पिढीच्या हातीं राहिलें कीं नाहीं, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत न्याय-अन्याय दडलेला असतो. भाडें, शेजार आणि वारसा या तीन कसोट्या आम्हीं याकरितां पुढें ठेविल्या आहेत.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. 1896 च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. अकासियु व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगाचे, रोगी ओळखले आणि तेथून मुंबईवर मोठें अरिष्ट कोसळलें. लोक शहर सोडून पळाले. 1891 च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती 8,21,764 होती. ती 1901 सालीं 7,76,006 भरली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत उतरावी, यावरून त्या संहाराची कल्पना येईल. रोगाचें मूळ दाट व अंधाऱ्या वस्तींत आहे अशी तत्कालीन अधिकाऱ्यांची समजूत होती. उंदीर व पिसवा यांचा त्यांतील भाग पुढें सिद्ध झाला. परंतु उपाय ठरला तो आधींच, आणि तो म्हणजे घरें पाडण्याचा.

या हेतूनें 1898 सालीं कायदा होऊन मुंबईचा इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गलिच्छ वस्त्या ताब्यांत घेऊन पाडणें, समुद्रावरील वारा शहरांत खेळावा म्हणून रुंद रस्ते काढणें, उत्तरेकडे दादर-माटुंग्यापर्यंत नव्या वसाहती आंखणें आणि गरिबांकरितां चाळी बांधणें, हीं त्याचीं कामें होतीं. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्याच उद्योगाचें फळ होत. दादर व माटुंगा येथील आंखीव वसाहतीहि त्याच्याच. ट्रस्टचे एक अध्यक्ष ऑर साहेब यांनीं घराघरांत उजेड किती अंशांच्या कोनानें यावा याचें गणित मांडून साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढें केला होता. शास्त्रदृष्टीनें हें सर्व योग्यच होतें.

पण या योजनांत एक मूळचा दोष राहिला. पाडण्याचें काम पुढें गेलें आणि बांधण्याचें मागें राहिलें. ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची. तेथील दाट वस्ती मोडून सरळ रस्ते व मोकळे प्लॉट आंखले गेले. परंतु ज्यांचीं बिऱ्हाडें उठलीं, ते नव्या चाळींत गेले असें नव्हे. नव्या जागेचें भाडें त्यांस झेपेना, आणि ती कामाच्या ठिकाणापासून दूरहि पडे. ते बहुतेक शेजारच्या जुन्याच घरांत दाटी करून राहिले. एका गल्लीची गर्दी दुसऱ्या गल्लींत गेली, इतकाच पुष्कळांच्या बाबतींत या सुधारणेचा अर्थ झाला. ट्रस्टच्या अधिकाऱ्यांची नियत वाईट होती असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या हिशेबांत जागा होती, हवा होती, उजेड होता. राहणाऱ्या माणसाची मिळकत मात्र नव्हती.

प्लेगाचा जोर ओसरला तशी वस्ती पुनः वाढूं लागली. 1911 सालीं ती 9,79,445 झाली आणि 1921 सालीं 11,75,914. गिरण्या भरभराटींत होत्या. रत्नागिरी, सातारा, पुणें, अहमदनगर अशा जिल्ह्यांतून माणसें येत होतीं, आणि शहरांतील सुमारें दोनतृतीयांश लोक एकेका खोलींत राहत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळांत बांधकाम थंडावलें व भाडीं भडकलीं. तेव्हां 1918 सालीं सरकारास भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. भाडें ही केवळ मालक व भाडेकरू यांच्यांतील खाजगी बाब नसून त्यांत सरकारनें पडणें अवश्य आहे, हें तत्त्व मुंबईंत तेव्हां प्रथम कायद्यांत आलें, म्हणून या सालास महत्त्व.

त्यानंतर 1920 सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हें खातें निघालें. त्याच्याच आद्याक्षरांवरून ‘बीडीडी चाळी’ हें नांव रूढ झालें आणि पुढें तें शुद्ध मराठी शब्दासारखें लोकांच्या तोंडीं बसलें. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा या खात्याचा संकल्प होता. खर्चाकरितां कर्ज काढलें, आणि शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसविला. याच खात्याकडे बॅक बे येथील समुद्र हटविण्याचें काम होतें. तें फसून वीर नरिमन यांच्या टीकेनें गाजलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. चाळींचा संकल्पहि पुरा झाला नाहीं. एकंदर 207 चाळी उभ्या राहिल्या : वरळीस 121, नायगांवास 42, डिलाईल रोडवर 32 आणि शिवडीस 12. खोल्यांची संख्या सोळा हजारांहून थोडी अधिक, म्हणजे संकल्पाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. प्रत्येक चाळ तळमजला व वर तीन मजले अशी. मधून लांब अंधारा बोळ, त्याच्या दोन्ही अंगांस दहा-दहा खोल्या. खोलीचें क्षेत्र सुमारें 160 चौरस फूट. नळ, मोरी व शौचकूप मजल्यागणिक सामाईक.

येथें एका लोकप्रवादाचा निरास करणें जरूर आहे. या चाळी मुळांत कैदी ठेवण्याकरितां बांधल्या, असें पुष्कळ ठिकाणीं सांगितलें जातें व छापलेंहि जातें. तें खरें नव्हे. त्या कामकरी वर्गाच्या निवाऱ्याकरितांच योजिल्या होत्या. 1930 च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळींत सत्याग्रही इतके पकडले गेले कीं तुरुंग पुरेनात. तेव्हां वरळीच्या कांहीं रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यांत आला. प्रवादाचा उगम हाच असावा. यांत खरा नवलाचा भाग तुरुंगाचा नाहीं. ज्या शहरांत माणसें जिन्याखालीं व ओट्यावर निजत होतीं, तेथें सरकारी चाळी दहा वर्षें होत आलीं तरी रिकाम्या कां होत्या, हा खरा प्रश्न.

त्याचें उत्तर आमच्या पहिल्या कसोटींत, म्हणजे भाड्यांत, आहे. बांधकाम महागाईच्या ऐन काळांत झालें आणि चाळींचा खर्च भाड्यांतून भरून काढावयाचा असा हिशेब धरला गेला. गिरणी कामगाराच्या पगारास तें भाडें झेपण्याजोगें नव्हतें. सरकारनें प्रत्यक्ष खर्चाहून पुष्कळ कमी भाडें ठेविलें, तरीहि खोल्या भरेनात. त्यांत वरळी गिरण्यांपासून दूर. बाजार, दिवे, वाट यांची सोय प्रथम नव्हती. खाजगी चाळींत भाडें एकवेळ तितकेंच असेल. पण तेथें दुकानदार उधार देई, ओळखीचा मुकादम शेजारीं असे, आणि एका खोलींत पाळीपाळीनें दहा माणसें निजून भाडें वांटून घेत. सरकारी खोलींत असा आधार मिळण्यास वेळ लागला. 1929 ते 1931 या काळांत हिंदुस्थानांतील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशननेंहि या रिकाम्या खोल्यांची दखल घेतली. पुढें भाडीं उतरलीं, सोयी झाल्या, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या गर्दींत एकहि खोली मोकळी राहिली नाहीं.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानें 1940 च्या सुमाराचीं भाडीं कायम धरून खाजगी चाळींतील भाडेकरूस मोठें संरक्षण दिलें. सरकारी मालकीच्या जागांस तो कायदा लागू नव्हता. तेथें भाडें अल्प राहिलें तें सरकारच्या धोरणानें. या अल्प भाड्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. खाजगी मालकांनीं दुरुस्तीचा हात आखडता घेतला, इमारती कोसळूं लागल्या आणि दुरुस्तीकरितां निराळें मंडळ व उपकर नेमण्याची पाळी 1969 सालीं सरकारवर आली. भाडें कमी ठेवणें आणि घर उभें ठेवणें या दोहोंचा मेळ मुंबईस अद्यापि पुरता बसवितां आलेला नाहीं.

दुसरी कसोटी शेजाराची. येथें आम्हांस अधिक सावधपणें लिहिलें पाहिजे, कारण चाळीचें जीवन हें एकोप्याचें व प्रेमाचें असें सरसकट वर्णन करण्याची प्रथा पडली आहे. त्या वर्णनांत तथ्य आहे. पण संपूर्ण सत्य नाहीं. खाजगी चाळींत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसास खोली मिळणें जवळजवळ अशक्य होतें. पैसे असून उपयोग नसे. नांव व गांव विचारलें जाई आणि जात कळतांच दार बंद होई. अशा स्थितींत ट्रस्टच्या व सरकारच्या चाळी हें एक नवें द्वार होतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत दोन खोल्यांत अनेक वर्षें राहिले. विलायतेहून मोठ्या पदव्या घेऊन आल्यावरहि त्यांचें बिऱ्हाड तेथेंच होतें; 1930 नंतरच्या दशकांत दादरच्या हिंदु कॉलनींत ‘राजगृह’ बांधून ते तिकडे गेले. ज्या काळांत ‘मूकनायक’ निघालें आणि महाडचा सत्याग्रह झाला, त्या काळांतील त्यांचें घर हें चाळीचें घर होतें, ही गोष्ट निवाऱ्याच्या इतिहासांत नोंदण्याजोगी आहे.

परंतु सरकारी द्वार उघडलें म्हणजे भिंती गेल्या असें झालें नाहीं. खोल्यांची वांटणी होतांना दलितांच्या चाळी बहुधा निराळ्या पडल्या. एकाच आवारांत, एकाच नकाशाच्या, एकाच मापाच्या इमारती. पण अमुक चाळ अमक्यांची हें सर्वांस ठाऊक असे. सरकारनें खोलीचा नकाशा समान काढला. शेजार मात्र गांवाकडचाच राहूं दिला. त्याचा कडवट परिणाम 1974 च्या जानेवारींत दिसला. 5 जानेवारीस वरळीस दलित पँथरची सभा चालू असतां दगडफेक झाली आणि दंगल पेटली. ती पुढें कांहीं महिने धुमसत राहिली. 10 जानेवारीच्या मोर्चांत भागवत जाधव मारले गेले. चौकशीसाठीं न्यायमूर्ति भस्मे यांचें कमिशन नेमलें गेलें. पन्नास वर्षें एका आवारांत राहिलेल्या चाळी एकमेकींवर दगड टाकतात, हें केवळ त्या दिवसाच्या भाषणांनीं घडलें असें मानणें भाबडेपणाचें होईल. वसाहत आंखतांना जो प्रश्न टाळला, तोच पन्नास वर्षांनीं पुढें उभा राहिला.

वसाहत बांधण्याचें श्रेय सरकारकडे जात असलें, तरी वस्ती उभारण्याचें श्रेय रहिवाशांचें व त्यांच्या संस्थांचें. नारायण मल्हार जोशी यांनीं 1911 सालीं सोशल सर्व्हिस लीग काढली. तिच्या रात्रीच्या शाळा, वाचनालयें व परळचें दामोदर हॉल यांनीं गिरणगांवास सार्वजनिक जीवन दिलें. डिलाईल रोडास पुढें त्यांचेंच नांव देण्यांत आलें. ज्या नागपाड्यांत ट्रस्टनें पहिली कुदळ मारली, तेथेंच अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनीं 1927 च्या सुमारास ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ उभें केलें. शेजारपाजाऱ्यांनीं एकत्र यावें, दवाखाना, वर्ग, खेळ चालवावेत, आणि वस्तीच्या सुधारणेचा विचार वस्तींतच व्हावा, अशी ही कल्पना होती. याच कामांतून 1936 सालीं समाजकार्याचें शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा शाळा निघाली व तिचीच पुढें टाटा समाजविज्ञान संस्था झाली. आम्हांस या दोन घटनांचा क्रम अर्थपूर्ण वाटतो. प्रथम वस्ती मोडून रस्ते काढले. आणि माणसांची ओळख करून घेण्याचें काम त्यानंतर पंचवीस वर्षांनीं सुरू झालें.

संस्थांहूनहि जुने व खोल असे रहिवाशांचे स्वतःचे बंध होते. एका गांवच्या माणसांनीं मिळून खोली घ्यावी, गांवच्या देवाची वर्गणी तेथें जमवावी, नव्यानें आलेल्या पोरास तेथें पथारी द्यावी, नोकरी लागेपर्यंत खानावळीचा भार वांटून घ्यावा, ही गांवकरी मंडळाची पद्धत. गिरगांवांतील केशवजी नाईक चाळींत 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालूं आहे. त्याच धर्तीवर चाळीचाळींतून उत्सव, व्यायामशाळा, भजनी मंडळें व नाट्यमंडळें निघालीं. दलितांच्या चाळींतून आंबेडकर जयंती, जलसे व बुद्धविहार आले. पाण्याचा तंटा, जिन्याचा दिवा, मयताची वर्गणी, या बारीक गोष्टींचा निवाडा चाळ कमिटी करी. जुन्या गोतसभेची आठवण व्हावी असें तें काम. फरक इतकाच कीं तिचे महजर कोणी जपून ठेविले नाहींत.

आतां तिसरी कसोटी, वारशाची. 18 जानेवारी 1982 रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगांवाचें अर्थकारण मोडलें. हजारों कुटुंबांचा पगार गेला. त्यांच्याजवळ उरलें तें एकच : खोली. अल्प भाड्याची एक खोली आणि तिच्या पावतीवरचें नांव. तें नांव बापाचें असे, कधीं चुलत्याचें, कधीं गांवकऱ्याचें. खोली प्रत्यक्ष कोणाची, या प्रश्नाचें उत्तर त्या कागदावर अवलंबून राहिलें. जुन्या काळीं वतनाच्या वादांत ज्याप्रमाणें सनद काढून दाखवावी लागे, त्याप्रमाणें या काळांत भाडेपावती, शिधापत्रिका व बदलीचा अर्ज दाखवावा लागला.

2016 सालीं सरकारनें या चाळींच्या पुनर्विकासाचा निर्णय केला आणि म्हाडा या सरकारी संस्थेकडे काम दिलें. 2017 च्या एप्रिलांत भूमिपूजन झालें. पात्र रहिवाशास 160 चौरस फुटांच्या बदल्यांत 500 चौरस फुटांचें, मालकीचें घर त्याच आवारांत द्यावें अशी योजना ठरली. शिवडीच्या चाळींची जमीन बंदर ट्रस्टची असल्यामुळें त्या या योजनेंत येऊं शकल्या नाहींत. एकाच खात्यानें एकाच काळांत बांधलेल्या चाळींपैकीं बारा चाळींचे रहिवासी केवळ जमिनीच्या मालकीमुळें मागें राहिले. पोलिसांकडे नोकरीनिमित्त असलेल्या खोल्यांचा प्रश्नहि निराळा निघाला आणि त्यांच्यासाठीं किंमत घेऊन घर देण्याचें ठरलें. एकाच मजल्यावर, एकाच बोळांत, पन्नास वर्षें राहिलेल्या दोन कुटुंबांचे हक्क असे त्यांच्या कागदांवरून वेगळे झाले. 14 ऑगस्ट 2025 रोजीं वरळीच्या 556 रहिवाशांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 1898 च्या ट्रस्टशीं ताडून पाहतां येथें एक गोष्ट निर्विवाद सुधारलेली दिसते : ज्याचें घर पाडलें त्यालाच त्याच ठिकाणीं घर देण्याचें तत्त्व सरकारनें मान्य केलें. त्याकरितां सव्वाशें वर्षें लागलीं.

या तिन्ही कसोट्यांवर पाहतां आमचा निष्कर्ष असा. भाड्याच्या बाबतींत सरकार चुकत चुकत शिकलें व अखेर गरिबास निवारा देऊं शकलें. शेजाराच्या बाबतींत त्यानें दार उघडलें, पण आंतील भिंत तशीच ठेविली. वारशाच्या बाबतींत ज्याच्याजवळ कागद होता तो तरला. नव्या उंच इमारतींत पहिली कसोटी पुनः लागेल, कारण मालकीबरोबर देखभालीचा खर्च येतो. आणि दुसरी कसोटी तर केवळ मजले वाढवून सुटण्याजोगी नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. चाळ खालीं करतांना माणूस देव व भांडीं बरोबर नेतो. जुन्या पावत्या, कमिटीचीं इतिवृत्तें, उत्सवांचीं वर्गणीपुस्तकें, गांवकरी मंडळांच्या वह्या, जयंतीचीं पत्रकें हीं रद्दींत जातात. सरकारी बाजूचा इतिहास खात्यांच्या अहवालांतून केव्हांहि लिहितां येईल. रहिवाशांच्या बाजूचें साधन हेंच, आणि तें वर्षा-दोन वर्षांत नाहींसें होईल. बखरीचें एक सुटें पान मिळावें म्हणून गांवोगांव पायपीट करणारे आमचे स्नेही आहेत. त्यांनीं वरळी व नायगांव येथें एक फेरी करावी, मालकाच्या संमतीनें कागद पाहावे, नकला अथवा छायाचित्रें घ्यावीं आणि कोणत्या चाळींतील, कोणत्या मजल्यावरील, कोणत्या वर्षाचा कागद याची नोंद ठेवावी. शक्य तर एका चाळीचा संग्रह एकत्र राखावा. सुटी पावती फार थोडें सांगते, पण ऐंशी खोल्यांच्या पावत्या एकत्र लावल्या तर कोण केव्हां आलें, कोणाशेजारीं राहिलें आणि कोणास जावें लागलें, हें सर्व त्यांत वाचतां येतें.